थंडाव्याचं माप

सी. कुमार पटेल हे नाव पुण्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. १९३८ साली बारामतीत जन्म, १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून पदवी, मग स्टॅनफर्ड आणि तिथून अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज. तिथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर जगापुढे आणला. पोलादाचे पत्रे कापण्यापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत तो सगळीकडे गेला. आज कर्वे रस्त्यावर, औंधात, कॅम्पात मुरमांचे खड्डे भरून काढायला जे ‘फ्रॅक्शनल सीओटू’ वापरतात, ते त्याच घराण्यातलं यंत्र. बारामतीच्या माणसाचं डोकं असं साठ वर्षांनी पुण्यातल्या पोरापोरींच्या गालांवर येऊन पोचलं. सोबत आकड्यांचं एक कोष्टकही आलं: किती ऊर्जा, किती वेळ, किती गार. ते मात्र बरंचसं गोऱ्या कातडीवर बेतलेलं होतं.

मला बोलायचंय ते त्यातल्या शेवटच्या आकड्याबद्दल.

मध्यंतरी भाचीबरोबर एका क्लिनिकमध्ये बसले होते. पीसीओएसमुळे तिच्या हनुवटीवर राठ केस येतात. थ्रेडिंग करून करून ती कंटाळली होती. समोरची मुलगी गोड बोलणारी, नवी नवी नोकरीला लागलेली. “मॅम, आमचं मशीन एकदम कूल आहे. टिप बर्फासारखी असते, दीदीला काही कळणारसुद्धा नाही.” मी विचारलं, “किती डिग्रीला असते?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सहा सिटिंगचं पॅकेज घेतलंत तर दोन फ्री आहेत, मॅम.”

तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला थंडावा विकायला शिकवलाय तो सुख म्हणून, पार्लरमधल्या मऊ खुर्चीसारखा. माझं म्हणणं असं की गव्हाळ आणि सावळ्या माणसांच्या शहरात लेझरचा थंडावा ही सोय नव्हेच, ती उपचाराची अर्धी मात्रा आहे. मात्रा म्हटली की ती कमी पडू शकते, जास्त होऊ शकते, भलत्या वेळी दिली जाऊ शकते. कमी पडली तर काळा डाग पडतो, हे आता बहुतेकांना कळलंय. जास्त झाली तरी पडतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी डाग पडतो कसा ते पाहू. केस काढणारा लेझर केसाला ओळखत नाही, तो मेलॅनिनला ओळखतो. केसाच्या मुळाशी मेलॅनिन असतं, ते प्रकाश शोषतं, तापतं आणि आजूबाजूची केस उगवणारी यंत्रणा भाजून निघते. योग्य तरंगलांबी आणि योग्य वेळ निवडली तर आतलं नेमकं लक्ष्य तापवता येतं आणि शेजार वाचतो, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलं. आजचे सगळे त्वचेचे लेझर त्यावर उभे आहेत. अडचण एवढीच की केसाचं मूळ दोन-तीन मिलिमीटर खोल आणि कातडीचं स्वतःचं मेलॅनिन पृष्ठभागापासून जेमतेम एक दशांश मिलिमीटरवर. प्रकाशाला आधी ते ओलांडून जावं लागतं. गोऱ्या कातडीत तिथे फारसं काही नसतं. आपल्या कातडीत भरपूर असतं. दख्खनच्या उन्हापासून जे पिढ्यान् पिढ्या राखत आलंय, तेच इथे आधी तापतं.

म्हणून आपल्याकडे लांब तरंगलांबीचे लेझर बरे. ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइटपेक्षा ८१० चा डायोड बरा, आणि त्याहून १०६४ चा एनडी-याग. तरंगलांबी वाढेल तशी मेलॅनिनची शोषणाची हाव कमी होते. पण ती शून्यावर कधी येत नाही. उरलेला प्रश्न थंडावा सोडवतो, आणि त्याचं गणित शाळेतलं आहे. कातडीच्या पृष्ठभागाचं तापमान एरवी बत्तीस-तेहेतीस अंश. समजा एका झोताने वरचा थर ४० अंशांनी तापला, तर तो गेला ७३ वर. साठ-पासष्टच्या पुढे प्रथिनं गोठायला लागतात, म्हणजे फोड. आता तोच झोत, तेवढीच ऊर्जा, पण आधी कातडी १० अंशांवर आणून ठेवलेली. ती पोचली ५० वर. थोडी लाली येईल, संध्याकाळपर्यंत जाईल. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, प्रत्यक्षात कातडीगणिक ते बदलतात, पण फोड आणि लाली यांच्यातलं अंतर एवढंच असतं: सुरुवात कुठून केली.

हे गार करणं सोपं वाटतं. बर्फाचा खडा तर कुणाच्याही फ्रीजमध्ये असतो. १९८२ मध्ये अमेरिकेत चेहऱ्यावरच्या लालजांभळ्या जन्मखुणांवर आर्गॉन लेझर मारण्याआधी बर्फ लावून पाहिला गेला, आणि परिणाम सुधारला, असं दिसलं. पण बर्फ पाच मिनिटं धरला की वरची कातडी गार होते तशी आतलीही होते, आणि ज्याला तापवायचंय तेच थंड पडतं. हवा होता असा थंडावा की जो वरच्या एक दशांश मिलिमीटरपुरता येईल आणि खाली पोचायच्या आत लेझर आपलं काम उरकेल. गरम तव्यावरची पोळी पलटताना बाई बोटं पाण्यात बुडवून घेते. ते पाणी क्षणभरच राखतं, आणि पोळी पलटायला क्षणच लागतो. नव्वदीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या बेकमन लेझर इन्स्टिट्यूटमध्ये स्टुअर्ट नेल्सन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हे साधलं. उणे २६ अंशांना उकळणारं टेट्राफ्लुरोइथेन, म्हणजे गाडीच्या एसीत असतं तेच रसायन, लेझर सुटायच्या आधी मोजके मिलिसेकंद फवारायचं. ते कातडीवर पडताच उडून जातं आणि जाताना वरच्या थराची उष्णता घेऊन जातं. फवारा किती वेळ आणि फवारा थांबल्यावर लेझर किती वेळाने, हे दोन्ही आकडे यंत्रावर ठरवता येतात. थंडावा पहिल्यांदा मिलिसेकंदात मोजला गेला तो असा.

दुसरा रस्ता स्पर्शाचा. हँडपीसच्या टोकाला नीलमाचा स्फटिक असतो. नीलम म्हणायचं, पण दिसायला पाण्यासारखा स्वच्छ. तो चार-पाच अंशांवर ठेवलेला असतो आणि उष्णता झपाट्याने ओढून घेतो. हे टोक कातडीला पूर्ण टेकलं पाहिजे. एक कोपरा उचलला गेला तर तेवढ्या कोपऱ्यापुरता थंडावा नाही आणि लेझर मात्र पूर्ण, म्हणून काहींच्या पायावर किंवा हातावर चौकोनी पट्ट्यांची रांगोळी उमटलेली दिसते. आणखी एक बारीक गोष्ट. आधी दाढी केल्यासारखे केस भादरून घेतलेले असतात, तरी त्यांचे खुंट जळतात, वास सुटतो आणि काजळी त्या टोकावर चिकटते. पुसलं नाही तर पुढचा झोत काजळीलाच तापवतो आणि चार अंशांचं टोक चटका देतं. चांगला तंत्रज्ञ दर थोड्या वेळाने टोक पुसतो. गिऱ्हाईक गॉगल लावून डोळे मिटून पडलेलं असतं, त्याला यातलं काही दिसत नाही. पण पुसलं जातंय की नाही हे विचारता येतं.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे: तापणार आहे, म्हणून गार करा. गुंता पुढे होतो.

काळा डाग पडायला दोन वाटा आहेत आणि आपण दोन्हींना एकच समजतो. पहिली वाट वर सांगितली, कातडीचं मेलॅनिन स्वतः भाजलं जाण्याची. दुसऱ्या वाटेत मेलॅनिनला लेझरने शिवायचीही गरज नाही. पटेलांच्या लेझरचंच घ्या. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, तो पाणी शोषतं, मेलॅनिन नव्हे. गोरी कातडी काय, सावळी काय, त्याच्या लेखी सारखीच ओली. मग याच लेझरनंतर गोऱ्या गालावर गुलाबी छटा राहते आणि आपल्या गालावर तपकिरी, हे कसं? कारण जखम म्हटली की दाह आला, दाह म्हटला की प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं आली, आणि त्यांनी चेतवलं की आपल्या रंगपेशी जोमाने कामाला लागतात. माणूस गोरा असो वा काळा, रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो त्या किती रंग करतात, कसा वाटतात, यात. आपल्याकडे डास चावला, मुरूम फुटला, वाफेने पोळलं, तरी महिनोन् महिने खूण राहते ती याच वाटेने. दाह फार झाला तर रंगाचे कण खालच्या थरात सांडतात, आणि तिथून ते निघायला वर्षं लागतात.

लेझरच्या वेळचा थंडावा पहिली वाट बरीचशी अडवतो. दुसरी वाट अडवायला तो पुरा पडत नाही. लेझर झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं गार, ओल्या घड्या ठेवल्या तर दाह उतरतो, जळजळ थांबते, ते करावंच. पण सीओटू लेझरने पाडलेली बारीक भोकं ही जखमच आहे, आणि ती भरून येईतो कातडीची कुरबुर चालू राहते. त्या मुदतीत ऊन टाळणं, सनस्क्रीन, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मलम, याला पर्याय नाही. ‘आम्ही गार करतो, डाग पडणार नाही’ हे वाक्य पहिल्या वाटेबद्दल बऱ्यापैकी खरं आहे. दुसरीबद्दल ते बोलतच नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसले, ती. थायलंडमध्ये गालफडांवर दोन्ही बाजूंना निळसर-करडे ठिपके येणाऱ्या बायकांवर क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरचा एक अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. कातडी आपल्यासारखीच, रंग धरणारी. युक्ती साधी आणि सुंदर: प्रत्येकीच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर लेझर मारताना थंड हवेचा झोत सोडायचा, दुसरीवर नाही. चेहरा तोच, ऊन तेच, सवयी त्याच, त्यामुळे तुलना चोख. कुणीही पैज लावली असती की गार केलेली बाजू जिंकणार. एकवीस जणींमध्ये गार केलेल्या बाजूंपैकी ६२ टक्के काळवंडल्या. न केलेल्या बाजूंपैकी २४ टक्के.

असं का झालं असावं? क्यू-स्विच्ड लेझरचा झोत काही नॅनोसेकंदांचा असतो. रंगाचा कण एवढ्या कमी वेळात शंभर अंशांच्या कितीतरी पुढे जातो आणि फुटतो. त्याची उष्णता शेजारी पसरायच्या आत खेळ संपलेला असतो. केसांच्या लेझरमध्ये दहापासून शंभरपर्यंत मिलिसेकंद तापवायचं असतं, तिथे वीस अंशांची सवलत जीव वाचवते. इथे तिने काय साधणार? म्हणजे संरक्षण फारसं नाही, आणि थंडीचा स्वतःचा त्रास मात्र पदरात. रंगपेशी थंडीला फार हळव्या असतात. कातडीच्या इतर पेशी उणे वीस-तीस सोसतात, तिथे रंगपेशी उणे चार ते सातच्या आसपास मरायला लागतात. चामखीळ द्रव नायट्रोजनने गोठवली की तिथे पांढरा ठिपका राहतो, तो याचमुळे. आणि मरण्याइतकी थंडी नसेल, नुसती डिवचण्याइतकी असेल, तर डिवचलेली रंगपेशी काय करते ते आपण वर पाहिलंच. फवाऱ्याच्या यंत्रांतही हे दिसलंय: हँडपीस वाकडा धरला, फवारा एकीकडे साचला, की चंद्रकोरीसारख्या किंवा कड्यासारख्या काळ्या खुणा उठतात. आकारच सांगतो की हे उष्णतेने झालेलं नाही.

एका अभ्यासावर शास्त्र उभं राहत नाही, आणि त्या एकवीस जणींवरून केस काढताना थंडावा नको असं कुणी म्हटलं तर तो अडाणीपणा होईल. मुद्दा वेगळा आहे. कुठला लेझर, कुठलं लक्ष्य, किती लांबीचा झोत, यावर थंडावा तारक की मारक ते ठरतं. ‘कूल’ म्हटलं की सुरक्षित, हे जाहिरातीचं समीकरण आहे. आणि हे समीकरण ज्या मुलीने मला ऐकवलं, तिच्या वाक्यात दुसरीही एक खोट होती. “काही कळणारसुद्धा नाही.” कळायला हवं! वेदना हा खाटेवर पडलेल्या माणसाच्या हातातला एकमेव इशारा. गार केल्याने तो बोथट होतो. वरून बधिर करणारं मलम चोपडलं तर तो बंदच. मग यंत्र चालवणारा ऊर्जा वाढवत नेतो, कारण समोरून कुणी ‘हाय’ म्हणत नाही. जाणकार डॉक्टर अशा वेळी रुग्णाच्या तोंडाकडे नव्हे, कातडीकडे बघतो. केसाच्या प्रत्येक मुळाभोवती मिनिटा-दोन मिनिटांत बारीक लालसर फुगवटा उठला, अंगावर काटा आल्यासारखा, तर मात्रा बरोबर. कातडी करडी किंवा पांढुरकी पडली तर लगेच थांबायचं. हे वाचायला डोळा लागतो, आणि तो दोन दिवसांच्या प्रात्यक्षिकात तयार होत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केसरोपण आणि सौंदर्योपचारांविषयी सांगताना बजावलं होतं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. असं बजावावं लागलं, यातच सगळं आलं.

कोष्टक गोऱ्या कातडीचं, असं मी वर म्हटलं, ते उगाच नाही. कातडीचे प्रकार एक, दोन, तीन असे मोजायची जी पद्धत जगभर चालते, ती बोस्टनच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये आणली. उन्हात किती पोळता, किती रापता, असे प्रश्न विचारून गोऱ्या लोकांचे चार गट त्यांनी केले. तपकिरी आणि काळ्या माणसांसाठी पाचवा आणि सहावा गट नंतर जोडला गेला. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात मोडतो. कोथरूडची निमगोरी मुलगी आणि तिचा उन्हातान्हात साइट बघणारा भाऊ कदाचित एकाच आकड्यात बसतील, आणि लेझरच्या दृष्टीने दोघं दोन वेगळी माणसं आहेत. उपकरणं गोऱ्यांवर जुळवली की काय होतं याचा अनुभव कोविडने दिलाच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांमधली प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा नजरेआड केली, असं २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालं. फिट्झपॅट्रिकनी गट पाडले त्याच १९७५ मध्ये भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली, हा निव्वळ योगायोग. पण पुढच्या पन्नास वर्षांत आपण फिट्झपॅट्रिकचे आकडे शिकलो ते थोडेच आणि त्या ट्यूबवरची शेड-कार्डं शिकलो ती जास्त.

इथे एक पुणेरी आक्षेप येणार, आणि तो मी माझ्याच घरात ऐकलाय. “कशाला हवेत ही थेरं? आमच्या वेळी होतं का लेझर?” नव्हतं. आमच्या वेळी हनुवटीवर केस असलेली मुलगी मान खाली घालून चालायची, आणि डोळ्याभोवती निळा डाग घेऊन जन्मलेल्या पोरीसाठी स्थळं बघताना फोटोत दुसरी बाजू पुढे केली जायची. या डागाला एका जपानी डॉक्टरच्या नावाने ओटाचा नेव्हस म्हणतात, आशियाई लोकांत तो बराच दिसतो, आणि क्यू-स्विच्ड लेझरने तो खरोखर जातो. भाजल्याचे व्रण असतात, मुरमांचे खड्डे असतात. या सगळ्याला नटवेपणा म्हणून झटकणारा माणूस, बहुधा पुरुष, स्वतः आरशात फारसा बघत नसावा. उपचार हवाच. म्हणून तर तो नीट हवा. एक मान्य करते: नुसतं गोरं होण्यासाठी धडधाकट कातडीवर लेझर मारून घेणाऱ्यांबद्दल मला कळकळ वाटत नाही, पण डाग त्यांनाही तितकाच पडतो.

आणि डाग पडल्यावर काय होतं ते पाहिलं की खरा राग येतो. तो लगेच दिसत नाही. पहिला आठवडा छान जातो, मैत्रिणी कौतुक करतात. दोन-चार आठवड्यांनी सावली उमटायला लागते. नेमकी तेव्हाच, महिन्याने, पुढच्या सिटिंगची तारीख असते. काळवंडलेल्या कातडीत मेलॅनिन वाढलेलं असतं, म्हणजे तीच ऊर्जा आता आधीपेक्षा जास्त भाजणार. अशा वेळी थांबायला हवं. पण पॅकेज भरलेलं असतं, मुदत संपत आलेली असते. किंवा डाग घालवायला ‘टोनिंग’ नावाचा आणखी एक लेझर सुचवला जातो, जो वारंवार केला तर कधी कधी पांढरे ठिपके पेरून जातो. नाहीतर मग गल्लीच्या तोंडावरचं औषधांचं दुकान. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड यांची तिखट मिसळ असलेली ट्यूब काउंटरवरून मिळते, वांगावर लावतात तीच. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो. सहा महिन्यांनी कातडी पातळ, लाल रेषांनी भरलेली, उन्हात पाऊल टाकलं की आग. स्टेरॉइड स्वतः वाईट नाही. लेझरनंतर डॉक्टरच्या नजरेखाली दोन-तीन दिवस दिलं तर ते दाह आवरून डाग रोखू शकतं. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. लक्ष्मी रोडला किंवा हडपसरला जाऊन मागून बघा.

उन्हाबद्दल पुणेकरणींना कुणी काही शिकवायला नको. दुचाकीवर चेहरा, मान, कान झाकून फक्त डोळे उघडे ठेवणारा तो स्कार्फ अख्ख्या महाराष्ट्राने विनोदाला वापरला, पण त्यात शहाणपण आहे. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सावळ्या कातडीला केवळ अतिनील किरणांनी नाही, साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही टिकाऊ काळेपणा येतो. गोऱ्या कातडीला त्याने फरक पडला नाही. आपल्या नेहमीच्या पारदर्शक सनस्क्रीनमधून हा प्रकाश आरामात जातो. तो अडवायला आयर्न ऑक्साइड घातलेलं, म्हणजे रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन लागतं, किंवा जाड गडद कापड. तेव्हा लेझरनंतरच्या महिन्यात स्कार्फ असू द्यावा, फक्त तो पांढरा झिरझिरीत नको.

मग मागायचं काय? क्लिनिकने फुकट फेशियल द्यावं असं मी म्हणत नाही. उपचारानंतर हातात जो कागद पडतो त्यावर औषधासारखी मात्रा लिहिलेली असावी, एवढंच. कुठला लेझर, तरंगलांबी किती, ऊर्जा किती, झोत किती मिलिसेकंदांचा, थंडावा कुठल्या प्रकारचा आणि किती अंशांचा किंवा किती वेळाचा, आणि यंत्र कुणी चालवलं. रक्तदाबाची गोळी दहा मिलिग्रॅमची की पाचची, हे कागदावर असतं ना? भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लेझरने केस काढण्याबाबत २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नोंदी ठेवण्याची अपेक्षा आहे. नोंदी असतातही, क्लिनिकच्या संगणकात. रुग्णाने क्लिनिक बदललं की त्या तिथेच राहतात आणि नवा डॉक्टर अंदाजाने सुरू करतो. मालक मंडळी म्हणतात, आकडे दिले तर लोक घाबरतील, शेजारच्याशी तुलना करतील. करू देत की. आपल्याकडे लोक सोन्याच्या घडणावळीची तुलना करतात, त्याने सराफ बुडालेले नाहीत.

दुसरं, कानामागे किंवा जबड्याखाली चाचणीचा ठिपका. ठरलेल्या ऊर्जेने, ठरलेल्या थंडाव्याने चार झोत मारायचे आणि वाट बघायची. दोन दिवस नाही, चार आठवडे, कारण डाग तेव्हाच कळतो. पुण्यातली क्लिनिकं हा ठिपका करत नाहीत असं नाही. काही जण करतात आणि पाचव्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून पुढे जातात. त्याचं एक कारण घरातूनच येतं. लग्न मार्गशीर्षात आणि मुलगी लेझरला येते दिवाळीच्या आधी. सहा सिटिंग महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने धरल्या, आधी ठिपक्याचा महिना धरला, शेवटच्या सिटिंगनंतर कातडी निवायला थोडे दिवस ठेवले, तर मार्गशीर्षातल्या मुहूर्तासाठी ठिपका आदल्या चैत्राच्याही आधी पडायला हवा. चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा अडतीस-चाळिसात, ऊन माथ्यावर, कातडी रापलेली, तेव्हा दोन सिटिंगमधलं अंतर वाढवावं लागतं. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असताना ते गमावलेले आठवडे भरून निघतात, ढगातूनही किरणं येतात हे धरून. क्लिनिकांच्या सवलतीचे फलक मात्र लागतात ते परीक्षा संपून पोरींना सुट्ट्या लागल्या की, ऐन मे महिन्यात.